फॉग लॅम्प आणि ड्रायव्हिंग लॅम्प : जादा दिव्यांची पार्श्वभूमी

गाडीला जादा दिवे लावले की आपल्याकडे त्या सगळ्यांनाच ‘फॉग’ म्हणतात. बंपरखालचे रुंद दिवे फॉग आणि मोटरसायकलच्या क्रॅश गार्डवर चढवलेले लखलखीत एलईडीही फॉगच. खरे तर या दोन वेगळ्या, जवळजवळ उलट कामांच्या जाती आहेत. फॉग लॅम्पचा झोत आडवा, रुंद आणि आखूड असतो. वरची कड सुरीने कापावी तशी स्पष्ट असते. ड्रायव्हिंग लॅम्पचा झोत अरुंद असतो आणि लांब जातो. तो फक्त अप्परच्या जोडीला वापरायचा. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबोली घाटात ढग रस्त्यावर उतरलेला असताना ड्रायव्हिंग लॅम्प लावला, तर समोर पांढरी भिंत उभी राहते. हा फरक कसा घडला आणि कसा पुसला गेला, हे कळले की निम्मी चुकीची खरेदी टळते.

सुरुवातीच्या मोटारींना ॲसिटिलीनचे दिवे होते. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकायचे आणि तयार होणारा वायू जळायचा. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले; १९१३ मध्ये बॉशने डायनमोसह दिव्यांची पूर्ण यंत्रणा बाजारात आणली. प्रकाश वाढला, तशी समोरच्याचे डोळे दिपू लागले. १९२० च्या दशकाच्या मध्यावर एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट आली आणि अप्पर-डिप्परचा जन्म झाला. १९५७ पासून युरोपात डिप्परचा झोत एका बाजूला वर चढणारा झाला. आपल्याकडे तो डाव्या कडेला चढायला हवा. रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांसाठी बनलेला हेडलाइट इथे बसवला, तर तो चढ नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो, आणि कितीही सेटिंग केले तरी हा दोष जात नाही.

पिवळ्या रंगाची गोष्ट फ्रान्समधून येते. १९३६ च्या आदेशाने तिथे हेडलाइट पिवळे झाले आणि १९९३ पर्यंत तसेच राहिले. त्यातून ‘पिवळा प्रकाश धुके फाडतो’ ही समजूत जगभर पसरली. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा दहा-वीसपट किंवा त्याहूनही मोठे असतात. त्यामुळे ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळ्याचा फायदा आहे तो डोळ्याला: निळा भाग गाळला गेल्याने चकाकी कमी त्रास देते. पण गाळणीमुळे थोडा प्रकाशही कमी होतो. धुक्यात खरे काम करते ती झोताची सपाट कड आणि दिव्याची कमी उंची. युरोपीय नियमांत कारचा फॉग लॅम्प जमिनीपासून २५० ते ८०० मिलिमीटरच्या पट्ट्यात असतो. छतावरचा दिवा धुक्यात निरुपयोगी, कारण त्याचे परतलेले किरण सरळ चालकाच्या नजरेच्या रेषेत येतात.

१९६२ मध्ये एच-१ हा वाहनांसाठीचा पहिला हॅलोजन बल्ब आला: ५५ वॅट, सुमारे १,५५० ल्युमेन. काच काळी पडत नाही, कारण फिलामेंटवरून उडालेले टंगस्टन आतला हॅलोजन वायू परत फिलामेंटवर आणून सोडतो. सिबिए, मार्शाल, लूकस, हेला या कंपन्यांचे जादा दिवे रॅलींमध्ये गाजले ते याच बल्बमुळे. पण एच-१ ला फिलामेंट एकच. १९६६ च्या मोंटे कार्लो रॅलीत पहिल्या तीन क्रमांकांवर आलेल्या मिनी कार बाद झाल्या, त्या एकाच फिलामेंटच्या या बल्बांवरून. दोन फिलामेंटचा एच-४ आला १९७१ मध्ये: ६०/५५ वॅट.

अमेरिकेत १९४० पासून रूढ झालेला सात इंची गोल सील्ड बीमचा (फिलामेंट, रिफ्लेक्टर आणि काच एकसंध बंद असलेल्या दिव्याचा) आकार जगभर पसरला होता. ॲम्बॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी यांचे हेडलाइटही सात इंचीच, त्यामुळे एच-४ चा रिफ्लेक्टर त्यांत सहज बसायचा. पुढचे पाऊल मात्र घातक ठरले: १००/९० वॅटचे बल्ब. दोन अप्पर मिळून १२ व्होल्टला जवळजवळ १७ ॲम्पिअर, आणि तेही रिलेशिवाय (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचशिवाय), थेट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून. स्विच तापायचा, होल्डर वितळायचा, रिफ्लेक्टरचा मुलामा उडायचा. हेडलाइटच्या वरच्या भागावर काळा रंग लावायची पद्धत आठवते ना? झोताला आकारच नसेल तर काचेवर रंग फासणे एवढाच उपाय उरतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०६ ने मोजमाप दिले: दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि १.५ मीटर उंचीवर डोळा असलेल्याला दिपता कामा नये. नियम १११ नुसार पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

१९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये झेनॉन (फिलामेंटऐवजी वायूतल्या विजेच्या ठिणगीने उजळणारा दिवा) आला, मग एलईडी. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी बल्ब घालण्याची सवय तिथूनच लागली. रिफ्लेक्टर आखलेला असतो फिलामेंटच्या जागेसाठी. एच-४ मध्ये डिप्परच्या फिलामेंटखाली धातूची वाटीही असते, ती खाली जाणारे किरण अडवते. एलईडीची चिप फिलामेंटच्या जागेपासून एखादा मिलिमीटर जरी सरकली किंवा ही वाटी नीट नसली, की कड विरघळते आणि प्रकाश वर उधळतो. जर्मनीत असा पहिला एलईडी बल्ब मंजूर झाला २०२० मध्ये, तोही ठरावीक गाड्यांपुरताच. एलईडीच हवा असेल, तर त्यासाठीच घडवलेला पूर्ण दिवा घ्या. काचेवर फॉग लॅम्पसाठी ‘बी’ किंवा ‘एफ-३’, आणि हॅलोजन अप्परसाठी ‘एचआर’ ही अक्षरे वर्तुळातल्या ‘ई’ या मंजुरीच्या खुणेसोबत असतात. ‘फॉग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दिव्यावर यांतले काहीच नसेल, तर झोत भिंतीवर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

वायरिंगचा धडा जुन्या चुकांतूनच मिळाला. व्होल्टेज १० टक्के घटले की हॅलोजनचा प्रकाश जवळपास ३० टक्के घटतो. म्हणून ५५ वॅटच्या जोडीला स्वतंत्र रिले, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि बॅटरीपासून वीतभराच्या आत १५ ॲम्पिअरचा फ्यूज. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला फ्यूजमधून आलेली वायर, ८७ दिव्यांना, ८५ अर्थला. ८६ चा संकेत फॉगसाठी पार्किंग लाइटवरून वेगळ्या स्विचमार्फत, ड्रायव्हिंग लॅम्पसाठी अप्परच्या वायरवरून, म्हणजे डिप्पर मारताच ते आपोआप विझतात. काही जपानी आराखड्याच्या गाड्यांत हेडलाइट अर्थच्या बाजूने चालू-बंद होतो; तिथे रिलेची कॉइल बल्बच्या कायम पॉझिटिव्ह आणि अप्परच्या वायरीमध्ये जोडावी लागते, नाहीतर रिले उचलतच नाही. दिवे चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त निघाला तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा, गंजलेल्या बोल्टचा असतो.

सेटिंग सपाट जागेवर, टायरची हवा बरोबर असताना आणि चालक बसलेला असताना करायचे. दिव्यापासून ५ मीटरवरच्या भिंतीवर फॉगची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली हवी. ड्रायव्हिंग लॅम्पचा तेजस्वी मध्य दिव्याच्याच उंचीवर, सरळ समोर.