ध्रुव उलटले म्हणजे पृथ्वी उलटली नाही

“चुंबकीय ध्रुव उलटले की पृथ्वी गर्रकन फिरते, सूर्य पश्चिमेला उगवतो” हा मेसेज नागपुरातल्या ग्रुपांवर अधूनमधून येतोच. उलटतं ते फक्त चुंबकीय क्षेत्र, आणि त्याला हजारो वर्षं लागतात. शेवटची पूर्ण उलटापालट साधारण 7.8 लाख वर्षांपूर्वीची.

पुरावा आपल्या पायाखालीच आहे. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाची. लाव्हा थंड होताना 580 अंश सेल्सियसखाली आला, की त्यातलं मॅग्नेटाइट हे लोहखनिज तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतं. दख्खनच्या सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या बऱ्याच थरांत ही दिशा दक्षिणेकडे आणि खाली झुकलेली मिळते. क्षेत्र उलटं होतं आणि भारत दक्षिण गोलार्धात होता, म्हणून.

ही दिशा मोजायला घ्यायचा नमुना म्हणजे अडीच सेंटीमीटर व्यासाचा दगडी गाभा. काढण्याआधीच त्याची दिशा आणि कल टिपायचा, तोही सूर्य-होकायंत्राने, म्हणजे सूर्याच्या सावलीवरून दिशा सांगणाऱ्या यंत्राने. कारण बेसाल्ट साध्या होकायंत्राची सुई ओढतो. वीज पडलेला माथा टाळा, तिथलं मूळ चुंबकत्व पुसलेलं असतं. मग क्षेत्रमुक्त (बाहेरचं चुंबकीय क्षेत्र आत पोहोचू न देणाऱ्या) भट्टीत टप्प्याटप्प्याने तापवून नंतर चढलेलं चुंबकत्व उतरवायचं.

भाजून थंड झालेल्या विटा-खापरांचंही तसंच, पण एक फरक आहे. विटा-मडकी भाजायची, जागची न हललेली जुनी भट्टी दिशा सांगते. सुटं खापर फक्त तेव्हाच्या क्षेत्राची तीव्रता सांगतं, तीही तापवताना त्यातली खनिजं बदलली नाहीत तरच. खापरावर होकायंत्र धरून “प्राचीन उत्तर” दाखवणारे व्हिडिओ निव्वळ थापा आहेत.