बिनतारी ध्वनिवहन, डीजे सामग्रीतील

स्मार्टफोनमध्ये साठवलेले किंवा त्यावर इंटरनेटवरून येणारे संगीत तारेची जोडणी न करता डीजेच्या मिक्सरवर, प्लेअरवर अथवा कंट्रोलरवर वाजवण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावता येते. मराठी बोलीत डीजे हा शब्द ध्वनिवर्धकांच्या मोठ्या संचालाही लावतात; या नोंदीत तो गाणी एकमेकांत मिसळून सलग वाजवणारी व्यक्ती एवढ्याच अर्थाने घेतला आहे. ‘बिनतारी’ या एका विशेषणाखाली व्यवहारात तीन निरनिराळ्या गोष्टी मोडतात : फोनवर वाजत असलेला ध्वनी प्रवाहरूपाने पाठवणे, गाण्याची फाइलच प्लेअरकडे पाठवणे, आणि ध्वनी फोनमध्येच ठेवून केवळ नियंत्रणाच्या आज्ञा हवेतून पाठवणे. माहितीपत्रकांत हा भेद पुष्कळदा पुसट झालेला असतो; मात्र पुढील बहुतेक तांत्रिक प्रश्नांची उकल त्यावरच अवलंबून आहे.

पहिल्या प्रकारात ब्लूटूथवरील ‘ए-टू-डी-पी’ हा २००३ मध्ये संमत झालेला ध्वनिवहनाचा आराखडा वापरला जातो. पायोनियर डीजेच्या डीजेएम-ए९ (२०२३) या मिक्सरमध्ये अशा प्रवाहासाठी स्वतंत्र प्रवेश दिलेला आहे. येथे मिक्सरपर्यंत पोहोचतो तो आधीच उलगडलेला आणि पुढे सरकत राहणारा ध्वनी. त्यामुळे त्याची पातळी, खर्ज-तार स्वरांचा तोल आणि इफेक्ट बदलता येतात, पण प्लेअरवरील टेम्पोची सरकपट्टी, गाणे हाताने पुढेमागे सरकवणारे जॉगचाक किंवा ते ठरावीक जागेवरून सुरू करणारी क्यूची बटणे त्याच्यावर चालत नाहीत. दुसऱ्या प्रकारात फाइल वाय-फायवरून प्लेअरच्या स्मृतीत येते व तिथे उलगडते, म्हणून ती पेनड्राइव्हवरील गाण्यासारखीच हाताळता येते. स्वतःचे वाय-फाय जाळे उभारणाऱ्या पायोनियर एक्सडीजे-एरो (२०१२) या यंत्राला या प्रकारातील पहिले म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि फोनमधील गाणी वाय-फायवरून घेण्याची सोय असलेला सीडीजे-२००० नेक्सस हा प्लेअरही त्याच वर्षीचा असल्याने ‘पहिल्या काहींपैकी एक’ असे म्हणणे अधिक सुरक्षित ठरेल. तिसऱ्या प्रकाराचा आधार म्हणजे १९८३ पासून प्रचलित असलेल्या मिडी संकेतांचे (वाद्ये व यंत्रे यांच्यातील नियंत्रणाच्या आज्ञांचे) ब्लूटूथवरील रूप होय. त्याचे प्रमाणित स्वरूप २०१५ मध्ये ठरले. पायोनियरचा डीडीजे-२०० (२०१९) हा कंट्रोलर, म्हणजे सॉफ्टवेअर हाताळण्याचा बटणांचा फलक, फोनला अशा रीतीने जोडता येतो. त्याला ध्वनीचा निर्गम मुळीच नाही आणि आवाज फोनमधूनच, दुभागणाऱ्या तारेने, ध्वनिवर्धकाकडे व हेडफोनकडे न्यावा लागतो. बिनतारी म्हणवणाऱ्या मांडणीत एक तार अशी शिल्लक राहते.

डीजेच्या दृष्टीने या पद्धतीतील कळीचा दोष म्हणजे विलंब होय. मिनिटाला १२८ ठोके असलेल्या गाण्यात दोन ठोक्यांमधील अंतर सुमारे ४६९ मिलिसेकंद असते. ब्लूटूथवरील प्रवाहात १०० ते २०० मिलिसेकंदांचा विलंब नेहमीचा असल्याने, बोटाने दिलेली हाक आणि तिचा ऐकू येणारा परिणाम यांत तिसरा हिस्सा ठोका सहज निसटतो. या विलंबाचे खापर संकोचनावर, म्हणजे ध्वनीचा डेटा आकाराने लहान करण्यावर, फोडले जाते, ते फारसे पटत नाही. ब्लूटूथमध्ये सक्तीचे असलेले ‘एसबीसी’ हे संकेतन (कोडेक, म्हणजे ध्वनीचे संकोचन करण्याची पद्धत) एका वेळी सामान्यतः १२८ नमुने हाताळते, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला जेमतेम २.९ मिलिसेकंदांचा ध्वनी. मोठा वाटा आहे तो ग्राहक यंत्रातील साठ्याचा, म्हणजे बफरचा. हवेत हरवलेला डेटा पुन्हा मागवण्यास सवड मिळावी म्हणून ग्राहक यंत्र थोडा ध्वनी हाताशी राखून मगच वाजवू लागते. ॲपलच्या एअरप्ले (२०१०) या पद्धतीच्या मूळ रूपात हा साठा सुमारे दोन सेकंदांचा होता. स्थिर विलंब नुसते गाणे लावून ठेवणाऱ्याला जाणवतही नाही; दोन गाण्यांचे ठोके हाताने जुळवणाऱ्याला मात्र तो असह्य होतो. यावर उपाय म्हणून अल्फाथीटा कंपनीने सॉनिकलिंक ही स्वतंत्र बिनतारी पद्धत काढली. एचडीजे-एफ१० हेडफोनच्या प्रेषकासह असलेल्या संचात (२०२४) कंपनीने विलंब ९ मिलिसेकंद सांगितला आहे. तेवढ्या वेळात हवेतून ध्वनी सुमारे ३ मीटर जातो. यात फोनचे स्वतःचे ब्लूटूथ उपयोगी पडत नाही, वेगळा प्रेषक लागतो.

ध्वनीच्या प्रतीबाबत मतभेद आहेत, पण आकडे स्पष्ट आहेत. कॉम्पॅक्ट डिस्कवरील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट असतो, तर एसबीसीचा शिफारस केलेला उच्च वेग ३२८. फोनमधील गाणे बहुधा आधीच संकुचित असल्यामुळे त्याचे संकोचन दोनदा होते. सोनीचे एलडॅक (२०१५) ९९० किलोबिटपर्यंत जाते. मात्र प्रेषक व ग्राहक या दोहोंना एखादे वरचे संकेतन समान नसेल, तर जोडणी निमूटपणे एसबीसीवर उतरते.

ब्लूटूथचा उगम तुलनेने निर्विवाद आहे. स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन यांनी १९९४ च्या सुमारास हे काम हाती घेतले, पुढे स्व्हेन मॅटिसन त्यात सामील झाले, आणि १९९८ मध्ये एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया व तोशिबा यांनी मानके ठरवणारा गट स्थापन केला. वाद आहे तो त्यामागील कंप्रता (फ्रीक्वेन्सी) सतत बदलत राहण्याच्या तत्त्वाविषयी. ब्लूटूथचे पारंपरिक रूप २.४ गिगॅहर्ट्झच्या पट्ट्यातील ७९ मार्गांवर सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारते. या कल्पनेचे जनकत्व अभिनेत्री हेडी लमार व संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना देण्याची लोकप्रिय प्रथा आहे. पाणतीराचे (टॉर्पेडोचे) नियंत्रण शत्रूला बिघडवता येऊ नये यासाठी त्यांनी ११ ऑगस्ट १९४२ रोजी मिळवलेल्या अमेरिकी एकस्वात (पेटंटमध्ये) यांत्रिक पियानोसारख्या छिद्रांकित गुंडाळ्या वापरून ८८ कंप्रतांवर फिरण्याची योजना होती. तथापि योनाथान झेनेक या जर्मन भौतिकीविज्ञांनी १९०८ मधील आपल्या ग्रंथातच अशा योजनेचा उल्लेख केला असून टेलिफुंकेन कंपनीने ती आधी आजमावल्याचे नमूद केले आहे. व्हिलेम ब्रुर्ट्येस यांचे अमेरिकी एकस्वही १९३२ चे आहे. निकोला टेस्ला यांच्या १९०३ मधील एकस्वांत हेच तत्त्व पाहणारे काही अभ्यासक आहेत, परंतु तिथे एकाहून अधिक कंप्रतांच्या संयोगावर भर असल्याने हे वाचन थोडे ताणलेले वाटते. लमार-अँथाइल योजनेचे वेगळेपण दोन्ही टोके एकाच लयीत ठेवण्याच्या युक्तीत आहे. ब्लूटूथमध्ये उड्यांचा क्रम प्रमुख यंत्राचा पत्ता व घड्याळ यांवरून काढला जातो, आणि त्याची वंशरेषा थेट त्या एकस्वापर्यंत नेणारा पुरावा दुबळा आहे. ‘ब्लूटूथची जननी’ हे बिरुद म्हणूनच जपून वापरलेले बरे.

गर्दीच्या सभागृहात तुटक आवाज येण्याचे कारण बहुधा उपकरणात नसून जागेत असते. हाच पट्टा वाय-फायही वापरते. ब्लूटूथच्या २००३ मधील आवृत्ती १.२ पासून गजबजलेले मार्ग टाळण्याची सोय आली असली, तरी टाळून टाळून किमान २० मार्ग वापरावेच लागतात. शिवाय पाणी हे तरंग शोषते आणि माणसांची दाटी म्हणजे रेडिओच्या दृष्टीने पाण्याची भिंतच होय. २.४ गिगॅहर्ट्झ ही पाण्याच्या रेणूची अनुनादी कंप्रता आहे ही समजूत मात्र चुकीची आहे. सामान्य फोनची ब्लूटूथ कक्षा सुमारे १० मीटर मानतात, ती मोकळ्या जागेतली. फोन मिक्सरजवळ ठेवणे, येणारे कॉल व सूचनांचे आवाज बंद करणे आणि एक तार जवळ बाळगणे ही खबरदारी सर्वत्र घेतली जाते.

या सोयीची गरज वाढण्यामागे फोनमधील हेडफोनचे ३.५ मिलिमीटरचे छिद्र नाहीसे होणे हे एक कारण मानतात. आयफोन ७ (२०१६) हे त्याचे ठळक उदाहरण. २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ या ब्लूटूथच्या नव्या मानकातील ‘एलसी३’ संकेतन कमी वेगातही एसबीसीहून चांगला ध्वनी देते आणि विलंब घटवण्यास वाव देते. मात्र त्यासाठी फोन आणि मिक्सर दोन्हीकडे ते मानक असावे लागते.