सोळाची की पंधराची? जुन्या पिकअपच्या मोठ्या चाकांची खानदेशी पार्श्वभूमी

जीपच्या चॅसिसवरच्या जुन्या पिकअपला मोठी चाकं चढवणं आज हौसेचं काम वाटतं. खानदेशात त्याचं मूळ काळ्या जमिनीत आहे. रावेर-यावल-चोपड्याकडच्या केळीच्या मळ्यांत पावसाळ्यात चाकोऱ्या खोल होतात आणि ॲक्सलचा गोळा (डिफरन्शियलचा मधला फुगवटा) मधल्या वरंब्याला टेकतो. स्प्रिंगचे पाटे वाढवले किंवा शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी कडी) लांब केली, तर बॉडी वर जाते. गोळा तिथेच राहतो. तो उचलायचा तर टायरच उंच हवा, आणि तिथेही व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मीच जागा खाली मिळते.

मुंबईत १९४७ मध्ये जीपची जुळणी सुरू झाली, १९६५ पासून हलकी मालवाहू वाहनंही बनू लागली. जीपचा मूळ टायर ६.००-१६, म्हणजे सहा इंच रुंद आणि सोळा इंच व्यासाच्या डिस्कचा; डिस्कची रुंदी साडेचार इंच. पाच बोल्टचं वर्तुळ १३९.७ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच. टायरचा बाहेरचा व्यास साधारण ७२८ मिलिमीटर. पहिली सुधारणा ७.००-१६ ची: व्यास ७७५च्या आसपास, गोळ्याखाली २३ मिलिमीटर जास्त. हे माप परकं नव्हतं. अमेरिकेत याच घराण्यातल्या लांब चॅसिसच्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपला ते कारखान्यातूनच येत असे.

१९८६ मध्ये टाटा ४०७ आली आणि ७.५०-१६ गावोगावच्या टायरवाल्याकडे दिसू लागला. नवा, जुना, रिमोल्ड, हवा तसा. व्यास सुमारे ८०८. मूळ साडेचार इंची डिस्कवर मात्र तो बसवू नये. त्याला साडेपाच-सहा इंची डिस्क लागते. अरुंद डिस्कवर टायर मधोमध फुगतो, मधली नक्षी आधी संपते आणि वळणावर गाडी डुलते. शिवाय १४-१६ प्लायचा (थरांच्या ताकदीचा) टायर हलक्या पिकअपखाली वाकतच नाही, सगळे धक्के थेट पाट्यांना आणि किंगपिनला (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती पिन) जातात. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा ६.००-१६ मापाने अगदी जुळतो, पण तो ताशी ३०-४० किलोमीटरसाठी बनलेला असतो. सुरत-नागपूर रस्त्यावर त्याचं काम नाही.

खरा वाद पंधराच्या डिस्कचा. १९८५ च्या अखेरीस जिप्सी आणि २००० मध्ये बोलेरो आली. दोन्हींची चाकं पंधराची आणि बोल्टचं वर्तुळ तेच १३९.७. नट लावले की चाक बसतं; ट्यूबलेस मिळतं, रुंदी मिळते, गाडी भरीव दिसते. मात्र बोलेरोच्या २१५/७५ आर १५ चा व्यास भरतो ७०३ मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरपेक्षा अडीच सेंटिमीटर कमी. मोठं चाक म्हणून लावलं आणि गाडी खाली बसली, असं यातूनच होतं. २३५/७५ आर १५ केला तर ७३३, जवळपास बरोबरी. पंधरामध्ये खरोखर उंच टायर म्हणजे ३१ × १०.५० आर १५ (३१ इंच उंच, साडेदहा इंच रुंद), आणि त्याला रुंद डिस्क आली.

बाजारातली आठ इंची डिस्क बहुधा उणे १९ मिलिमीटर ऑफसेटची असते. चाकाची मध्यरेषा हबपासून बाहेर सरकते, भार बाहेरच्या बेअरिंगवर येतो, खड्डा लागला की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत किंगपिनची बुशं लवकर ढिली होतात आणि चाकं थरथरू लागतात. त्यात शॅकल लांब केली असेल तर कॅस्टर (किंगपिनचा मागे असलेला कल) कमी होऊन थरथर वाढते. पूर्ण वळवल्यावर टायर पाट्याला घासतो. स्टिअरिंगच्या लॉकचा बोल्ट फिरवून थोडा बाहेर आणून वळण कमी करावं लागतं. खोल, तळ नसलेल्या चिखलात रुंद टायर तरंगतो, हा त्याचा गुण मान्य करायला हवा. पण शेतरस्त्याला खाली मुरमाचा थर असतो. तिथे अरुंद टायर चिखल कापून थरावर पोहोचतो आणि रुंद टायर मडगार्डमध्ये माती थापत बसतो. म्हणून भारी जमिनीसाठी ७.००-१६ हीच निवड सरस ठरते.

उंची वाढली की गिअरचा हिशोबही बदलतो. ५.३८ गुणोत्तराचा डिफरन्शियल ७.००-१६ वर ५.०५ सारखा, ७.५०-१६ वर ४.८५ सारखा चालतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी अनुक्रमे ६४ आणि ६६-६७ ला असते, आणि ड्रम ब्रेकची जमिनीवरची पकड त्याच प्रमाणात घटते. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत चारही टायर एकाच मापाचे हवेत, स्टेपनीही तीच. नाहीतर पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा ट्रान्सफर केस ताणला जातो.

बसवताना एक जुनी खोड लक्षात ठेवावी: बऱ्याच जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या बोल्टचे आटे उलटे असतात. ते न ओळखता पाना मारला की बोल्ट तुटतो. जाड अलॉय डिस्क लावल्यावर नट किमान १० आटे पकडतो का, ते मोजावं. कमी पकडत असेल तर लांब बोल्ट घालावे. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावे. रिव्हेटच्या डिस्कला ट्यूब लागतेच, रेडियलला रेडियलचीच.

कायद्याचा पेच नंतरचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधली २००० ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल मिळून, कारखान्याच्या मूळ तपशिलाशी नोंदणी विसंगत होईल असा बदल चालत नाही. माल वाहतुकीच्या नोंदणीत आसागणिक टायरचं माप लिहिलेलं असतं, म्हणून एमएच-१८, १९ किंवा ३९ ची (धुळे, जळगाव किंवा नंदुरबारची) मालवाहू पिकअप खाजगी जीपपेक्षा लवकर अडकते. २०२१ च्या व्हिंटेज नियमांना पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात हवी. मोठे फेरबदल म्हणून चॅसिस, बॉडी आणि इंजिनाचा उल्लेख आहे, चाकांचा नाही. मूळ रूपात चाकं धरायची की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. तोवर मूळ पाच डिस्क, त्यांचे शंकूच्या तोंडाचे नट आणि उलट्या आट्यांचे नट वेगळे बांधून ठेवावेत. तपासणीला गाडी त्यांच्यावरच न्यावी.