वीगन ट्रेक-खाऊ (घरी बेक केलेला)

दूध, तूप, लोणी, अंडं, मध यातलं काहीच न घालता घरच्या ओव्हनमध्ये किंवा कुकरमध्ये भाजलेला सुका खाऊ, जो सॅकमध्ये टिकतो आणि चढता चढता तोंडात टाकता येतो. मुंबईत याला एक ठरलेलं नाव नाही. कोणी बार म्हणतं, कोणी वडी, कोणी नुसतं बिस्किट, आणि पहाटेच्या कर्जत किंवा कसारा लोकलमध्ये डबा फिरायला लागला की 'घरचे आहेत, घे' एवढ्यावर भागतं. मुख्य प्रकार दोन, खजूर-ओट्स-नाचणीचा चिकट बार आणि तेलातली नानखटाई. तिखटमिठाची भाजलेली शंकरपाळीही यातच धरतात.

वीगन हा शब्द १९४४ चा, इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी वीगन सोसायटी काढली तेव्हाचा. आपल्या शाकाहारात दूध-तूप धरलेलंच असतं, म्हणून हिरवा ठिपका बघून घेतलेलं बिस्किट वीगन असेलच असं नाही. ज्या पार्ले-जीवर सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या निघाल्या त्यातही दुधाचा अंश असतो, आणि दशमी तर दुधातच भिजवतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये वीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आणलं, ते विकायच्या मालासाठी.

उगमाबद्दल एकमत नाही. बारवाले लोक अमेरिकेकडे बोट दाखवतात, तिथे १८६३ च्या सुमारास जेम्स केलेब जॅक्सन यांनी आपल्या आरोग्यधामात कोंड्यासकटच्या पिठाचा दोनदा भाजलेला 'ग्रॅन्युला' केला होता. पण तो रात्रभर भिजवून खायचा नाश्ता होता, खिशात घालून डोंगर चढायचा नव्हे, आणि बार हे रूप फार नंतरचं. मुंबईच्या घरांपुरता विचार केला तर नानखटाईचा धागा जास्त जवळचा वाटतो. तिची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट सुरतेची आहे: डच वखारीचा कारभार आटोपला तेव्हा तिथली भट्टी दोटीवाला या पारशी घराण्याकडे आली (काळ साधारण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला धरतात), ताडीने फुगवलेल्या पावाला गिऱ्हाईक उरलं नाही, उरलेला पाव सुकवून विकता विकता त्यातून हे बिस्किट झालं, आणि स्थानिक लोकांना चालत नाही म्हणून अंडं आणि ताडी मागाहून गळाली. 'खटाई' म्हणजे सहा, म्हणजे मैदा, साखर, तूप, बदाम, अंडी, ताडी असे सहा जिन्नस, अशी फोडही याच गोष्टीबरोबर येते. ती ऐकायला छान आहे पण भाषेच्या अंगाने कच्ची वाटते. खता किंवा खिताई हे उत्तर चीनचं फारसीतलं जुनं नाव, अफगाणिस्तानात 'कुलचा-ए-खताई' आजही करतात, त्यामुळे 'खताची रोटी' हा अर्थ जास्त पटतो आणि मग नाव तरी सुरतेच्या भट्टीपेक्षा जुनं ठरतं. काही असो, अंडं गळालं हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं, कारण पुढे तुपाच्या जागी वनस्पती आलं (डालडा १९३७ चा) आणि वीगन हा शब्द कोणाच्या कानावर पडायच्या आधीच तशी नानखटाई दिवाळीच्या आधी घरचे ट्रे नेऊन बेकरीच्या भट्टीत भाजून यायला लागली.

तिसरा धागा कोकणातला. तवसाचं म्हणजे मोठ्या जून काकडीचं धोंडस: तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, आणि चुलीवर टोप ठेवून झाकणावरही निखारे, म्हणजे वर-खाली दोन्हीकडून आच. हे खरं आपलं बेकिंग, आणि ओव्हनच्या कितीतरी आधीचं. मात्र ओलसर असल्याने दुसऱ्या दिवशीपर्यंतच बरं, म्हणून गडावर पोचलं नाही.

कृतीत सगळा खेळ पाण्याचा आहे. पदार्थातलं मोकळं पाणी, ज्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात, ते ०.६ च्या खाली गेलं की बुरशी वाढू शकत नाही, आणि भाजण्याचं मुख्य काम तेच, चव नंतर. गूळ आणि खजूर हवेतलं पाणी ओढतात, त्यामुळे जानेवारीत कडक राहिलेला बार जुलैमध्ये राजमाचीच्या वाटेवर बोटाने दाबला की खड्डा पडतो. पावसाळ्यात खजूर थोडा कमी, ओट्स आधी कोरडे भाजून, आणि बार कापल्यावर सुटे करून परत १० मिनिटं ओव्हनमध्ये, एवढं केलं तर फरक पडतो. १६० अंशांवर २५ मिनिटं हे नेहमीचं माप. ट्रे काढल्यावर १० मिनिटांनी, कोमट असतानाच सुरीने रेघा पाडायच्या, आणि गार होईपर्यंत तुकडे जागचे हलवायचे नाहीत; गरम कापला तर सुरीला चिकटून फाटतो, पूर्ण गार झाल्यावर कापला तर कडेचा भुगा होतो.

अंड्याचं बांधायचं काम जवस करतं: १ चमचा पूड, ३ चमचे पाणी, १० मिनिटं, की त्यातला चिकटा सुटतो. तुपाचं अवघड. तुपाला थिजण्याचा गुण आहे म्हणून नानखटाई खुसखुशीत होते, शेंगदाणा तेलाने ती ट्रेमध्ये पसरते. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि मुंबईत ते बहुतेक दिवस पातळच असतं, म्हणून मळलेले गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच भाजावेत. गूळ थोडा आंबटसर असल्याने चिमूटभर सोडा त्याच्याबरोबर लागू पडतो, दही लागत नाही. ओव्हन नसेल तर कुकरची शिटी आणि रबर काढून तळाला मीठ पसरायचं, वर जाळी ठेवायची आणि मंद आचेवर भाजायचं, वेळ जवळजवळ दुप्पट लागतो.

ताकदीचं गणित सोपं आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यात ५६० च्या वर कॅलरी, खजुरात साधारण २८०, गुळात ३८० च्या आसपास. खजूर-गूळ लगेच लागू पडतात, दाणे उशिरा पण लांबपर्यंत पुरतात. गूळ-शेंगदाणे मुठीत देणारी जुनी माणसं हेच करत होती. नाचणी घालतात ती कॅल्शियमसाठी, १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या पुढे. मीठ मात्र विसरू नये: कळसूबाईला, म्हणजे १,६४६ मीटरवर, एप्रिलच्या उन्हात शिड्या चढताना घामातून जे जातं ते नुसत्या गोडाने भरून येत नाही, आणि तिसऱ्या बारनंतर गोड नकोसंही होतं, म्हणून तिखटमिठाची शंकरपाळी सोबत असावीच.

टिकण्याबद्दल घरोघरी वेगवेगळं सांगतात. साधारण हिवाळ्यात हवाबंद डब्यात दोन आठवडे, पावसाळ्यात तीन-चार दिवस. आधी खराब होतात ते दाणे आणि जवस, खवट वास आला की टाकून द्यायचं. बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळून स्टीलच्या डब्यात नेलं तर चुरा होत नाही आणि गडावर प्लास्टिकही राहत नाही. कान्हेरीला डबा सॅकच्या बाहेरच्या खिशात ठेवू नये, तिथली माकडं चेन उघडतात.