सप्ताहान्तीची तिकीटबारी (वीकेंड बॉक्स ऑफिस)

शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत चित्रपटगृहांच्या तिकीटविक्रीतून जमा होणाऱ्या एकूण रकमेस आणि तिच्या आधारे लावल्या जाणाऱ्या चित्रपटांच्या क्रमवारीस ही संज्ञा लावतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः अमेरिका व कॅनडा यांच्या एकत्रित बाजारपेठेविषयी आहे. या क्रमवारीत दोन प्रकारचे चित्रपट शेजारी-शेजारी उभे असतात : त्याच आठवड्यात झळकलेले नवे चित्रपट आणि आधीच्या आठवड्यांपासून पडद्यावर असलेले चालू चित्रपट. दोहोंची मोजणी एकाच डॉलरमध्ये होत असली, तरी त्यांचे आकडे वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. नव्या चित्रपटाचा पहिला सप्ताहान्त मुख्यतः त्याची जाहिरात, त्याच्याभोवतीचे कुतूहल आणि त्याला मिळालेल्या पडद्यांची संख्या मोजतो. चालू चित्रपटाची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातील कमाई मात्र ज्यांनी तो पाहिला त्यांनी इतरांना काय सांगितले, याची खूण असते.

रविवारी सकाळी जाहीर होणारे आकडे हे वितरक कंपन्यांचे अंदाज असतात. त्यांत शुक्रवार व शनिवारची विक्री हाती आलेली असते, पण रविवारचा मोठा भाग गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्ष आकडे सोमवारी येतात. दोन चित्रपटांमध्ये अंतर थोडे असेल, तर सोमवारी क्रम उलटतोही, पण बातमी तोवर रविवारच्या आकड्यांवर छापून गेलेली असते. गुरुवारी संध्याकाळी होणाऱ्या पूर्वखेळांची कमाई शुक्रवारच्या खात्यात धरली जाते. त्यामुळे नव्या चित्रपटाच्या पहिल्या ‘तीन दिवसां’त वस्तुतः साडेतीन दिवसांचा गल्ला असतो आणि दुसऱ्या आठवड्यातील घसरण प्रत्यक्षापेक्षा थोडी अधिक दिसते.

पहिल्या सप्ताहान्ताला आजचे महत्त्व पूर्वी नव्हते. मोठ्या शहरांतील मोजक्या चित्रपटगृहांत चित्रपट आधी लावायचा आणि मग हळूहळू लहान गावांपर्यंत न्यायचा, अशी रूढ पद्धत होती. जून १९७५ मध्ये ‘जॉज’ हा चित्रपट दूरचित्रवाणीवरील देशव्यापी जाहिरातींच्या जोडीने चारशेहून अधिक चित्रपटगृहांत एकाच वेळी लागला आणि भरघोस चालला. ही रीत त्याने प्रथम शोधली असे म्हणता येत नसले, तरी मोठ्या कंपन्यांनी ती त्याच्यापासून उचलली, हे खरे. २००२ मध्ये ‘स्पायडर-मॅन’ने ११ कोटी ४८ लाख डॉलर मिळवून एका सप्ताहान्तात १० कोटींचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला; एप्रिल २०१९ मध्ये ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ने साडेचार हजारांहून अधिक चित्रपटगृहांतून ३५ कोटी ७१ लाख डॉलर गोळा केले. एवढ्या पडद्यांवर पहिल्याच दिवशी पोचलेल्या चित्रपटाला पुढे पसरायला जागा उरत नाही. त्याचा आलेख उतरताच असतो, आणि प्रश्न फक्त उताराच्या तीव्रतेचा राहतो.

हा उतार टक्क्यांत सांगतात. व्यापक प्रदर्शन झालेल्या चित्रपटाची कमाई दुसऱ्या सप्ताहान्तात साधारण निम्म्याने घटली, तर ते नेहमीचे समजले जाते. चाळीस टक्क्यांच्या आतील घट चांगली, तर साठच्या पुढची चिंतेची मानतात. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन : डॉन ऑफ जस्टिस’ (२०१६) याने पहिल्या सप्ताहान्तात १६ कोटी ६० लाख डॉलरची सलामी दिली, पण दुसऱ्या सप्ताहान्तात तो ५ कोटी १३ लाखांवर, म्हणजे सुमारे ६९ टक्क्यांनी खाली आला आणि त्याची एकूण देशांतर्गत (अमेरिका व कॅनडातील) कमाई सलामीच्या दुपटीपर्यंतही पोचली नाही. उलट ‘गेट आउट’ (२०१७) हा भयपट, ज्या प्रकारचे चित्रपट एरवी झपाट्याने कोसळतात, ३ कोटी ३४ लाखांवरून २ कोटी ८२ लाखांवर आला : घट अवघी पंधरा टक्के.

तथापि, मोठी घसरण म्हणजे नापसंती, असे समीकरण मांडणे धोक्याचे आहे. ‘हॅरी पॉटर’ मालिकेचा शेवटचा चित्रपट २०११ मध्ये १६ कोटी ९२ लाखांवरून ४ कोटी ७४ लाखांवर उतरला. ही घट बॅटमॅनच्या चित्रपटापेक्षाही जास्त होती. प्रेक्षक मात्र नाराज नव्हते. वर्षानुवर्षे वाट पाहणारे चाहते पहिल्या तीन दिवसांतच येऊन गेले, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून जाणकार घसरणीसोबत पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांकडून ‘सिनेमास्कोअर’ ही संस्था गोळा करीत असलेली ‘ए-प्लस’ ते ‘एफ’ अशी श्रेणीही पाहतात. एकूण कमाईला सलामीच्या कमाईने भागून येणारा गुणकही उपयोगी पडतो : तो दोन-अडीच असेल, तर चित्रपट सुरुवातीलाच आटोपला, चारच्या पुढे गेला, तर तो तोंडोतोंडी प्रसिद्धीवर चालला.

गुणकाच्या टोकाला ‘टायटॅनिक’ उभा आहे. डिसेंबर १९९७ मध्ये त्याची सलामी २ कोटी ८६ लाख डॉलर होती, दुसऱ्या सप्ताहान्तात ती वाढली आणि सुरुवातीपासून सलग पंधरा सप्ताहान्त पहिला क्रमांक टिकवून त्याने देशांतर्गत ६० कोटींचा पल्ला गाठला. म्हणजे गुणक एकवीसच्या आसपास. त्या काळात दर शुक्रवारी येणारा प्रत्येक नवा चित्रपट एका चालू चित्रपटाकडून हरत होता, हे विसरता कामा नये. डिसेंबरअखेरच्या सुट्ट्या चालू चित्रपटांना नेहमीच हात देतात, कारण तेव्हा कामाचे वारही सुट्टीसारखेच चालतात. २०१७ च्या नाताळात ‘द ग्रेटेस्ट शोमन’ ८८ लाखांवर सुरू झाला, पुढच्या सप्ताहान्तात दीड कोटीवर गेला आणि अखेरीस त्याने १७ कोटींहून अधिक मिळवले. पहिल्या सोमवारी त्याला अपयशी ठरवणे सोपे होते.

मोजक्या पडद्यांवर सुरू होऊन वाढत जाण्याची जुनी वाट अजून बंद झालेली नाही. एप्रिल २००२ मध्ये १०८ चित्रपटगृहांत सुमारे सहा लाख डॉलरनी सुरू झालेला ‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’ कधीही पहिल्या क्रमांकावर न येता २४ कोटींच्या वर गेला. अशा चित्रपटांचा विचार करताना एकूण रकमेपेक्षा दर चित्रपटगृहामागील सरासरी अधिक बोलकी असते.

चालू चित्रपटाचे भवितव्य केवळ प्रेक्षकांच्या हाती नसते. सोमवारी आकडे पाहून चित्रपटगृहे पुढच्या शुक्रवारचे खेळ ठरवतात. नवा मोठा चित्रपट आला की कमी चालणाऱ्याचे खेळ कापले जातात किंवा तो छोट्या पडद्याकडे सरकवला जातो. पडदे कमी झाले म्हणून कमाई घटते आणि कमाई घटली म्हणून पडदे आणखी कमी होतात. आयमॅक्ससारखे महागडे पडदे संख्येने थोडे असल्याने त्यांच्यावरील ताबा तर सर्वांत आधी सुटतो. पैशाच्या वाटणीतही हितसंबंध सारखे नसतात : पारंपरिक करारांत सुरुवातीच्या आठवड्यांतील तिकिटांचा मोठा वाटा वितरकाकडे जाई आणि नंतर चित्रपटगृहाचा हिस्सा वाढत जाई. त्यामुळे दीर्घकाळ टिकणारा चित्रपट चित्रपटगृहाच्या मालकाला विशेष प्रिय असे.

२०२० मध्ये पहिल्या सप्ताहान्ताच्या आकड्याला करारातच स्थान मिळाले. युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीने जुलैत एएमसी या चित्रपटगृह साखळीशी चित्रपट किमान सतरा दिवस, म्हणजे तीन सप्ताहान्त, फक्त चित्रपटगृहांतच ठेवण्याचे ठरवले. नोव्हेंबरमध्ये सिनेमार्क या दुसऱ्या साखळीशी झालेल्या करारात ज्या चित्रपटाची सलामी ५ कोटी डॉलर वा त्याहून अधिक असेल, त्याच्यासाठी ही मुदत किमान एकतीस दिवस करण्यात आली. त्याखालील सलामीच्या चित्रपटाला घरबसल्या पाहण्यासाठी तिसऱ्या सप्ताहान्तानंतर उपलब्ध करण्याची मुभा कंपनीला राहिली, मग तो चित्रपटगृहात टिकून असो वा नसो.