रक्तवाहिन्यांच्या गुंत्यात केशवाहिन्याच नाहीत, मग कॅन्सरची पेशी अडकते कशी?

‘जिकडे रक्त जास्त, तिकडे कॅन्सर जास्त’ हा समज चांगल्या शिकलेल्यांतही पक्का असतो. तसं असतं तर हृदयाच्या स्नायूत आणि प्लीहेत वरचेवर दुय्यम गाठी, म्हणजे दुसरीकडच्या कॅन्सरच्या पेशी येऊन रुजलेल्या गाठी, सापडल्या असत्या. तिथे त्या क्वचितच होतात. मेंदूत मात्र होतात. फुफ्फुस, स्तन आणि मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमधून विशेष.

रक्तात सुटलेल्या पेशीपुढे पहिला प्रश्न मापाचा. तांबडी पेशी ७-८ मायक्रॉनची, तिला केंद्रकच नाही, त्यामुळे केशवाहिनीतून ती अंग दुमडून निघून जाते. कॅन्सरची पेशी बहुधा त्याहून बरीच मोठी, त्यात केंद्रकही थोराड. मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागांच्या सीमेवर वाहिन्या एकदम बारीक होतात, ती तिथेच अडकते. उंदरांच्या कवटीला काचेची खिडकी बसवून हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं आहे. पेशी वाहिनीच्या फाट्यावर थबकते, काही दिवसांनी भिंतीतून बाहेर सरकते आणि त्याच वाहिनीला बाहेरून बिलगून राहते. वाहिनी सुटली तर ती तगत नाही.

आता मेंदूतला एव्हीएम, म्हणजे आर्टेरिओव्हेनस मालफॉर्मेशन घ्या. हा धमन्या आणि शिरांचा गुंता. मधलं केशवाहिन्यांचं जाळं गायब, धमनीतलं जोरकस रक्त थेट शिरेत. मापाच्या हिशेबाने पेशी इथून सुसाट निघून जायला हवी. तरीही नेमकी अशा गुंत्यात दुय्यम गाठ सापडल्याच्या मोजक्या नोंदी आहेत.

म्हणजे नुसतं माप पुरत नाही. इंग्रज शल्यविशारद स्टीफन पेजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या ७३५ शवविच्छेदनांवरून हेच मांडलं होतं: बी सगळीकडे पडतं, रुजतं ते मानवणाऱ्या मातीत. एव्हीएमचं अस्तर निरोगी वाहिनीसारखं नसतं. तिथे दाह असतो, पेशींना धरून ठेवणारी प्रथिनं जास्त असतात, नव्या वाहिन्या फुटायला लावणारे संदेश चालू असतात आणि रक्तातलं नको ते मेंदूत शिरू न देणारा रक्त-मेंदू अडथळा गळका असतो. फुगलेल्या शिरांत भोवरे होतात, ते वेगळंच. पेशीला थांबायला आणि बाहेर पडायला एवढं पुरेसं असावं.

‘सुई लावली की कॅन्सर उधळतो’ म्हणून बायोप्सी टाळणारे असतात. पेशी रक्तात उतरतात त्या गाठ वाढत असतानाच, सुईसाठी त्या खोळंबत नाहीत. आणि एव्हीएममधल्या गाठीचं तर तुकडा तपासल्यावाचून निदानच होत नाही. एव्हीएम फुटला की सांडलेलं रक्त स्कॅनवर गाठ झाकून टाकतं, ती कळते काढलेला गुंता सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावर. रेडिओसर्जरी, म्हणजे किरणांचा नेमका मारा, केली तर गुंता बंद व्हायला २-३ वर्षं लागतात आणि तपासायला हाती काहीच येत नाही.