वाढदिवसांचा योगायोग

एकत्र जमलेल्या माणसांपैकी निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची संभाव्यता किती, हा संभाव्यताशास्त्रातील एक प्रसिद्ध प्रश्न. वर्षाचे दिवस ३६५, तेव्हा अशी जोडी सापडायला शे-दीडशे माणसे तरी लागतील, असा बहुतेकांचा पहिला अंदाज असतो. प्रत्यक्षात २३ माणसे जमली की ही संभाव्यता निम्म्याच्या पुढे, म्हणजे सुमारे ५०.७ टक्क्यांवर जाते. ५७ माणसांत ती ९९ टक्के होते. गणितज्ञ रिचर्ड फॉन मीझेस यांनी १९३९ मध्ये या प्रश्नाचा एक प्रकार प्रसिद्ध केला.

हे गणित उलट्या बाजूने मांडले की सोपे जाते. कोणाचाच वाढदिवस कोणाशी जुळू नये, अशी अट घातली तर पहिल्या माणसाला कोणतीही तारीख चालते, दुसऱ्यासाठी ३६५ पैकी ३६४ तारखा मोकळ्या राहतात, तिसऱ्यासाठी ३६३, आणि असे करत तेविसाव्या माणसासाठी ३४३. या सर्व अपूर्णांकांचा गुणाकार ०.४९३ येतो, म्हणजे एकही जोडी न जुळण्याची शक्यताच निम्म्याहून कमी उरते. अंदाज चुकतो तो माणसे मोजल्यामुळे. मोजायला हव्यात त्या जोड्या, आणि २३ माणसांच्या जोड्या २५३ होतात. शिवाय प्रत्येक जण नकळत स्वतःच्याच तारखेचा विचार करतो. ‘माझ्या वाढदिवशी जन्मलेले कोणी येथे आहे का’ हा प्रश्न मात्र अगदी वेगळा आहे. उरलेल्या २२ जणांत असे कोणी भेटण्याची संभाव्यता जेमतेम ६ टक्के असते. ती निम्म्यावर न्यायची तर आपल्याखेरीज एकूण २५३ माणसे भेटावी लागतात.

२०१४ च्या फुटबॉल विश्वचषकात ३२ संघ होते आणि प्रत्येक संघात बरोबर २३ खेळाडू. अधिकृत याद्यांतील जन्मतारखा ताडून पाहिल्या तेव्हा १६ संघांत समान वाढदिवसाची जोडी निघाली. ‘जुळणे’ या शब्दाचा अर्थ थोडा सैल केला तर माणसे आणखी कमी पुरतात : एका दिवसाचा फरक चालवून घेतला की १४, आणि आठवड्याचा फरक चालवून घेतला की फक्त ७. संख्याशास्त्रज्ञ पर्सी डायकोनिस आणि फ्रेडरिक मॉस्टेलर यांनी १९८९ च्या आपल्या निबंधात या सैलपणाकडे मुद्दाम लक्ष वेधले, कारण रोजच्या व्यवहारातले बहुतेक योगायोग असे ‘जवळपास’ जुळलेलेच असतात.

बल्गेरियात ६ आणि १० सप्टेंबर २००९ रोजी लागोपाठच्या दोन लॉटरी सोडतींत ४, १५, २३, २४, ३५, ४२ हेच सहा आकडे निघाले, आणि सरकारने चौकशीचा आदेश दिला. ठरावीक दोन सोडतींत असे होणे फारच दुर्मीळ. परंतु जगभरच्या लॉटऱ्यांच्या अनेक वर्षांच्या सोडतींतील कोणत्याही दोन, असे म्हटले की जोड्यांची संख्या प्रचंड वाढते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर ती गोष्ट गावभर होते. कावळा बसून उडाला आणि फांदी जागच्या जागी राहिली, त्या वेळा कोणी मोजत नाही.

वरील गणितात सर्व तारखा सारख्याच संभाव्य मानल्या आहेत आणि २९ फेब्रुवारी वगळला आहे. खऱ्या जन्मतारखा अशा समान विखुरलेल्या नसतात, आणि तारखांमधील विषमता जोडी जुळण्याची शक्यता वाढवतेच. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे १ जून. जन्माची नोंद नसलेले मूल शाळेत दाखल होई तेव्हा गुरुजी त्याच्या वयाचा अंदाज घेत आणि रजिस्टरात जन्मवर्षापुढे ही तारीख लिहीत, कारण शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असे; तीच तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि नोकरीच्या कागदपत्रांवर येई. त्या पिढीतील मंडळी जमली की १ जून हा वाढदिवस सांगणारे एकाहून अधिक जण सहज भेटतात. तो योगायोग नसून गुरुजींच्या लेखणीचा परिणाम असतो.